माझ्या पाहण्यात नाही

एस.वाय.ला मराठीच्या पेपरला एक कादंबरी होती. कॉलेजच्या लायब्ररीत तिच्या तीनच प्रती, त्यातल्या एकीची शेवटची पानं गेलेली. म्हणून नम्रता मॅडम ती वर्गात वाचून दाखवायच्या. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे दर जूनला नवा अर्ज आणि दर वर्षी तीच धाकधूक. पेणहून सकाळच्या मेमूने रोह्याला यायच्या, स्टेशनवरून चालत कॉलेजला. पावसात त्यांच्या साडीचा काठ पहिल्या तासापर्यंत ओलाच असायचा.

कादंबरी पुढच्या कुठल्यातरी काळातल्या, नदीकाठच्या एका शहराची होती. त्या शहरात रोज संध्याकाळी प्रत्येकाने चौकातल्या कचेरीत जाऊन वहीत सही करायची. वहीच्या पानावर एकच वाक्य छापलेलं असे : आज काही घडलं नाही. एके दिवशी भर दुपारी शहराचा पूल कोसळतो. चाळीस माणसं वाहून जातात. संध्याकाळी लोक नेहमीसारखे रांगेत उभे राहतात आणि सही करतात. ज्याचा मुलगा पुलावर होता तो पाववालाही करतो. त्यापुढची सगळी पानं ती वही सांभाळणाऱ्या कारकून बाईची आहेत.

वर्गाला कादंबरी पटली नाही. विशाल म्हणून एक मुलगा होता, सगळ्या गोष्टींवर बोलायचा. तो उभा राहून म्हणाला, "मॅडम, ह्यात पोलीस नाय, तुरुंग नाय, कोण कोणाला मारत पण नाय. मग लोक सह्या करतात कशाला? लेखक दाखवायचं विसरला काय?"

आम्ही हसलो. मॅडमही हसल्या. हा प्रश्न वहीत लिहून ठेवा म्हणाल्या. उत्तर काही त्यांनी दिलं नाही.

मी हात वर केला होता. पाववाल्याचं चित्रण चुकलंय, असं मी म्हणाले. बाकीच्यांचं समजू शकतं, पण कुठलाही बाप असं करणार नाही. मॅडमनी मला ते पुन्हा बोलायला लावलं, मागच्या बाकांना ऐकू गेलं नव्हतं म्हणून. त्या दिवशी घरी जाऊन मी वहीत लिहिलं, 'मी असते तर सही केली नसती,' आणि त्याखाली रेघ मारली. अठरा वर्षांची होते. आपण काय करू आणि काय नाही, याची मला फार खात्री होती.

माझ्या शेजारी राणी बसायची. आमच्या गावापासून दीड किलोमीटरवर कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. त्या वाडीतून कॉलेजपर्यंत आलेली ती पहिलीच. आम्ही पाचवीपासून एका वर्गात होतो आणि कॉलेजला एकाच मिनीडोरने ये-जा करायचो. वर्गात ती बोलायची नाही. त्या दिवशी परत येताना मात्र तिने विचारलं, "त्या पाववाल्याचं पुढं काय होतं गो?"

मी लायब्ररीतली प्रत पुढे चाळली होती. म्हटलं, त्याचा पुढे उल्लेखच नाही.

"मंग भाजत असंल पाव," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

ऑगस्टच्या शेवटी मॅडमनी प्रकल्प दिला. दोघादोघांनी मिळून करायचा. आपल्या गावात घडलेली, पण कुठेच नोंद न झालेली एक गोष्ट. ज्यांच्यावर बेतली त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून लिहायची. माझ्या डोक्यात गावातली जुनी बंदरवाट होती, जिथून पूर्वी गलबतं सुटायची. राणी म्हणाली, "माज्याकडं हाय." मी विचारलं काय, तर म्हणाली, वाडीवर ये, पारीआतेला विचार.

पारी म्हणजे राणीच्या वडलांची धाकटी बहीण. मी रविवारी गेले. पारीने मला पाटावर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. राणी सांगत होती, पारी मध्ये मध्ये भर घालत होती. नंतर पारीच बोलत राहिली.

आदल्या श्रावणातली गोष्ट. सकाळी राणीचे वडील भिकू लाकडं आणायला निघाले होते. रस्त्याच्या मोरीवर त्यांनी एक टँकर उभा पाहिला. पिवळ्या पट्ट्याचा, पाइप ओढ्यात सोडलेला. आमच्याकडे टँकर रोजचेच. कंपन्यांचा पट्टा जवळ आहे, त्यामुळे कोणी वळून बघत नाही. दुपारी ओढ्यात मासे वर आले. अख्खी वाडी टोपल्या घेऊन उतरली.

"मेलेलं नव्हतं गो," पारी मला म्हणाली. "तोंड उघडीत मिटीत व्हतं. आमाला वाटला, पावसाच्या पाण्यानं वर आलं."

संध्याकाळपर्यंत वाडीत उलट्या सुरू झाल्या. मोठी माणसं वाचली. पारीची चार वर्षांची मुलगी पुतळी वाचली नाही. पारीने तिला खांद्यावर घेऊन रस्ता गाठला. गाडी मिळेपर्यंत मुलीचं कण्हणं थांबलं होतं. दवाखान्यातल्या कागदावर जुलाब असं लिहिलं गेलं. दोन दिवसांनी कोणीतरी मोरीखाली चुना मारून गेलं आणि वाडीवर घरटी एक पोतं तांदूळ आला. कोणाकडून आला हे पोत्यांवर लिहिलेलं नव्हतं.

हे सगळं पारीने न रडता सांगितलं. एकच गोष्ट ती तीनदा बोलली. पुतळीला माशाचं डोकं आवडायचं. त्या दिवशी दोघा-तिघा पोरांनी डोकं मागितलं होतं. "मी माज्या पोरीला दिला. मीच दिला."

मी ते तसंच लिहिलं, तिन्ही वेळा. राणीचं अक्षर बरं नव्हतं, म्हणून पक्की प्रत माझ्या हातची झाली. निघताना पारीने विचारलं, नाव लिहिलंस का तिचं? मी पान दाखवलं. कुठं हाय, म्हणाली. मी बोट ठेवलं त्या जागी तिने आपलं बोट ठेवलं.

मॅडमनी आमचा प्रकल्प वाचून आम्हाला बोलावलं. आम्ही कंपनीचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं, आम्हाला ते ठाऊकही नव्हतं. तरी मॅडम म्हणाल्या, टँकरचा रंग गाळायचा असेल तर गाळा, मार्क कमी होणार नाहीत. मी राणीकडे पाहिलं. राणी म्हणाली, "बाबानं बगितला तो रंग हाय. आपण कशाला गाळायचा?" तो राहिला.

सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये प्रकल्पांचं प्रदर्शन लागलं. कंपन्यांचे साहेब येणार होते, कारण नवी कॉम्प्युटर लॅब त्यांच्या देणगीतून झाली होती. नम्रता मॅडमनी चांगल्या पाच फायली टेबलावर मांडल्या, त्यात आमची एक. कोणी उघडली, कोणी वाचली, मला कळलं नाही. चौथ्या दिवशी शिपाई वर्गात आला आणि माझं नाव घेऊन म्हणाला, सिदराला ऑफिसात बोलावलंय. एकटीला.

प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य बाजूच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष. मी त्यांना लहानपणापासून ओळखत होते. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा प्यायला येत. माझ्या दहावीच्या निकालानंतर त्यांनीच अम्मीला सांगितलं होतं की मुलीचं शिक्षण थांबवू नका. टेबलावर आमची फाईल होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, माझ्यासाठी चहा मागवला. अक्षर सुरेख आहे म्हणाले. अब्बा कुवेतहून कधी येतात, तब्येत कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाले, "फैजल बरा आहे ना? आता कुठल्या शिफ्टला असतो?"

फैजल माझा भाऊ. दोन वर्षं एका कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर होता आणि त्या महिन्यात त्याचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं. मी सांगितलं, पहिल्या शिफ्टला. ते म्हणाले, छान, मेहनती मुलगा आहे. फैजलबद्दल यापलीकडे ते एक शब्दही बोलले नाहीत. आवाज चढवला नाही की चेहरा बदलला नाही.

"बाळ," ते म्हणाले, "हे जे तू लिहिलंयस, टँकर वगैरे, ते तू स्वतः पाहिलंस का?"

"नाही," मी म्हणाले.

"मासे पाहिलेस?"

"नाही."

"मग तेवढंच लिहून दे. खोटं काही लिहायला मी तुला सांगणार नाही."

कागद टाइप केलेलाच होता. त्यावर लिहिलं होतं की सदर मजकूर माझ्या पाहण्यात आलेला नाही, प्राध्यापिकांनी विषय व मांडणी सुचवली त्यानुसार आम्ही तो लिहिला. मी दोनदा वाचला. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी पाहिलं नव्हतंच. विषय मॅडमनीच दिला होता. 'सुचवली' या शब्दावर मी थोडी थांबले. प्राचार्यांनी पेनचं टोपण काढून पेन माझ्याकडे सरकवलं. चहाचा कप अजून गरम होता, एवढ्या लवकर ते झालं.

घरी मी अम्मीला सांगितलं. अम्मी मेथी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "केलीस ते बरा केलास. आपल्याला हितंच ऱ्हायचा हाय." फैजल जेवायला बसला तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. तो टँकर कुठे रिकामा होतो हे त्याच्या शिफ्टमधल्या प्रत्येकाला माहीत आहे, असं तो ताटाकडे बघत म्हणाला. मग त्याने भात संपवला. फैजल डिसेंबरमध्ये कायम झाला.

सोमवारी मराठीच्या तासाला दुसरे सर आले. मॅडमनी वैयक्तिक कारणाने काम सोडल्याचं त्यांनी सांगितलं. कादंबरीची चाळीस पानं उरली होती. सर म्हणाले, गाईडमध्ये सारांश आहे, तो पुरेल. राणीने मला विचारलं, मॅडमना काय झालं? मी म्हणाले, माहीत नाही. आमच्या फायलीबद्दल विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले. ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. तिला ऑफिसात कोणी बोलावलं नव्हतं. माझ्या सहीनंतर तिची गरज उरली नव्हती.

दिवाळीनंतर वाडी नेहमीप्रमाणे रिकामी झाली. माणसं वीटभट्ट्यांवर गेली. इतकी वर्षं राणी मागे आजीपाशी राहून शिकत आली होती. त्या वर्षी तीही गेली. मला सांगून गेली नाही.

पुढे मार्चच्या परीक्षेत कादंबरीवर प्रश्न आला, शहरातले लोक सही का करतात ते सोदाहरण स्पष्ट करा. मी गाईडमधलं उत्तर लिहिलं. भीतीचं वातावरण, सत्तेचा दबाव, असे चार मुद्दे. मला माहीत असलेलं उत्तर त्यात नव्हतं आणि ते लिहायचं माझं धाडस नव्हतं. त्या पेपरात मी वर्गात पहिली आले.

त्याआधी जानेवारीत मी मॅडमना भेटायला पेणला गेले. खालाकडे, म्हणजे मावशीकडे, जाते असं घरी सांगितलं. मॅडम रामवाडीत राहतात हे माहीत होतं, घर विचारत विचारत सापडलं. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत सातवी-आठवीची मुलं शिकवणीला बसलेली. मॅडमनी त्यांना गणितं दिली आणि मला आत नेलं. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते. ती सगळी विसरले आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, मी सही केली."

त्यांना कळलं नाही. कसली, म्हणाल्या.

मी कागदाचं सांगितलं. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी विचारलं, कुठल्या दिवशी बोलावलं तुला? मी वार सांगितला. गुरुवार.

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या. "मी बुधवारी सही केली," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. बुधवारी कॉलेज सुटल्यावर त्यांना बोलावलं होतं. चहा त्यांनाही दिला होता. पाच वर्षं शिकवल्याचा अनुभवाचा दाखला त्यांना हवा होता, त्याशिवाय दुसरीकडे कुठेच उभं करत नाहीत. दाखला तयार होता, अध्यक्षांनी तो टेबलावर ठेवला होता. मॅडमनी लिहून दिलं की प्रकल्पातला मजकूर काल्पनिक आहे, कादंबरीच्या धर्तीवर मीच मुलींकडून लिहून घेतला, आणि मी स्वखुशीने काम सोडते आहे.

"एकच अट घातली होती मी," मॅडम म्हणाल्या. "मुलींना यात बोलवायचं नाही. ते म्हणाले, अर्थातच. मुलींचा काय संबंध?"

बाहेर एक मुलगी गणिताचं उत्तर विचारायला दारात आली. मॅडमनी तिला हाताने थांब म्हटलं. माझ्या सहीवाचून काहीच अडलं नव्हतं तर. त्यांना फक्त दोन्ही कागद हवे होते, एकमेकांना लावून ठेवायला. मी मॅडमना विचारलं, तुमच्याकडे आमच्या फायलीची प्रत आहे का? नव्हती. त्यांनी मला विचारलं, तुझ्याकडे कच्चं? कच्चे कागद मी त्याच आठवड्यात अम्मीच्या चुलीत घातले होते. हे सांगताना मला रडू आलं. मॅडमनी मला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. त्या मुलांकडे गेल्या. मी पाणी पिऊन निघाले, तेव्हा दारात म्हणाल्या, "राणीला भेटलीस तर सांग. मी सांगायला हवं होतं, पण आता मला ते होणार नाही."

मे महिन्याच्या शेवटी भट्ट्या बंद झाल्या आणि वाडीतली माणसं परत आली. मी ठरवून गेले. राणीला आणि पारीला सगळं सांगायचं, काय बोलतील ते ऐकून घ्यायचं. राणी अंगणात कुडाला शेण लिंपत होती. उन्हाने रापली होती, हाताची नखं विटांच्या मातीने लाल. मला बघून तिने हात धुतले. मी तिला तिथेच, उभ्या उभ्या, भराभर सांगून टाकलं. माझी सही, मॅडमची सही, जाळलेले कागद.

"म्हायती हाय," ती म्हणाली. "तू मला म्हायती नाय म्हनालीस ना, तवाच समजली."

मी काही बोलायच्या आत पारी आली. तिच्याबरोबर वाडीतल्या तिघी-चौघी बायका होत्या, पाणी घेऊन येत होत्या. पारीने हंडा उतरवला आणि माझं मनगट धरून त्या बायकांपुढे उभं केलं. हीच ती, म्हणाली. हिनं माज्या पुतळीचं लिवलंय. नाव लिवलंय, काय झाला ते लिवलंय. कॉलेजात ठेवलंय ते. मोठी मोठी माणसं येऊन वाचतात. भट्टीवरही तिने हे सगळ्यांना सांगितलं होतं, असं एक बाई म्हणाली. बायका माझ्याकडे आदराने बघत होत्या. एकीने विचारलं, तिच्या नवऱ्याचं पण असंच लिहून देशील का, तो भट्टीवर मेला.

पारी माझ्याकडे वळली. "हाय ना गो तिथं? सांग यांना."

मी राणीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, ओल्या हातांनी कुडावरची एक भेग दाबत होती.

"आहे," मी म्हणाले.

पारीने बायकांकडे बघून मान हलवली, मी सांगत होते ना, बघा, अशी. मग तिने मला पाणी दिलं आणि बस म्हणाली. मी बसले नाही.

राणी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मोरी लागली. ओढा कोरडा होता, तळाला पांढुरकं काहीतरी वाळून बसलं होतं. मी म्हणाले, मी परत येते, तिला खरं सांगते, आज जमलं नाही. राणी थांबली.

"नको सांगूस," ती म्हणाली. "तिच्याकडं तेवढंच हाय."

मिनीडोर आली. मी आत बसले. राणी परत फिरली होती, वळून पाहिलं नाही तिने. गाडीत ओळखीच्या एका काकींनी विचारलं, वाडीवर कशाला गेली होतीस? मी म्हटलं, मैत्रिणीकडे. रिझल्ट कसा लागला, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पहिली आलीस, म्हणाल्या, माशाल्ला.